वस्तूंची झीज आणि वास्तवाचा आभास : ऑनलाइन सँडबॉक्स खेळांची एक चिकित्सा

सारांश

संगणकाच्या आभासी जगातील वस्तू स्वभावतः झिजत नाहीत. त्यांना गंज चढत नाही, वाळवी लागत नाही. तरीही अनेक ऑनलाइन सँडबॉक्स खेळांच्या रचनाकारांनी आपल्या वस्तूंना मुद्दाम नश्वर बनवले आणि त्याचे समर्थन बहुधा वास्तवाच्या नावाने केले गेले. प्रस्तुत लेखात 'अल्टिमा ऑनलाइन', 'स्टार वॉर्स गॅलक्सीज', 'ईव्ह ऑनलाइन', 'वर्म ऑनलाइन', 'माइनक्राफ्ट' आणि 'रस्ट' या खेळांच्या आधारे या समर्थनाची तपासणी केली आहे. झिजेचा आर्थिक उपयोग आणि झिजेचा कलात्मक प्रत्यय या दोन भिन्न गोष्टी असून त्यांची गल्लत झाल्यामुळे वास्तववादाविषयीची चर्चा भरकटते, अशी येथील मांडणी आहे.

बीजशब्द : सँडबॉक्स खेळ, झीज, जीर्णता, सत्याभास, दुरुस्ती, अवशेष, आभासी अर्थव्यवस्था.

१. प्रास्ताविक

वास्तववाद ही संकल्पना मराठी समीक्षेला नवी नाही. कादंबरी, नाटक आणि चित्रपट यांच्या संदर्भात तिचा पुष्कळ ऊहापोह झालेला आहे. संगणकीय खेळांचा विचार मात्र आपल्याकडे बहुधा मनोरंजन, व्यसन किंवा तंत्रज्ञान या तीन कप्प्यांतच होतो. कलाकृती म्हणून या खेळांना स्वतःचे असे काही प्रश्न आहेत, याकडे दुर्लक्ष होते. वस्तूंच्या झिजेचा प्रश्न हा त्यांपैकी एक होय.

सँडबॉक्स खेळ म्हणजे ज्यात रचनाकार कथानक ठरवून देत नाही, केवळ जग आणि त्याचे नियम देतो, असा खेळ. मुलांनी वाळूत किल्ले बांधावेत तसे खेळाडू त्या जगात घरे बांधतात, शेती करतात, शस्त्रे घडवतात, बाजार मांडतात. तो ऑनलाइन असेल तर हे जग हजारो माणसांचे सामाईक असते आणि एखादा खेळाडू झोपला तरी ते चालूच राहते. अशा जगात दहा वर्षांपूर्वी घडवलेली तलवार आजही जशीच्या तशी असावी काय? मालक परागंदा झाला तरी त्याचे घर उभे राहावे काय? हे प्रश्न वरवर तांत्रिक वाटले तरी त्यांच्या मुळाशी काळ, श्रम आणि मालकी यांविषयीच्या कल्पना आहेत. खेळाडूंनी अशा जगात वर्षानुवर्षांचा वेळ ओतलेला असतो, म्हणून त्यांची उत्तरे कोणाच्या तरी पदरी लाभ किंवा हानी टाकतात.

२. झिजेची पार्श्वभूमी

रॉय ट्रबशॉ आणि रिचर्ड बार्टल यांनी इंग्लंडमधील एसेक्स विद्यापीठात १९७८ साली सुरू केलेला 'मड' हा शब्दांवर चालणारा खेळ ऑनलाइन जगांचा पूर्वज मानला जातो. त्या जगात झिजेचा प्रश्न उद्भवत नव्हता, कारण ते जग ठराविक काळाने मूळपदावर आणले जाई. खजिने पुन्हा जागच्या जागी येत आणि खेळ नव्याने सुरू होई.

हा प्रश्न खऱ्या अर्थाने उभा राहिला तो जग अखंड चालू ठेवण्याची प्रतिज्ञा करणाऱ्या खेळांत. सप्टेंबर १९९७ मध्ये आलेला 'अल्टिमा ऑनलाइन' हे त्याचे ठळक उदाहरण. रिचर्ड गॅरियट यांच्या कल्पनेतून आणि राफ कॉस्टर प्रभृती रचनाकारांच्या हातून घडलेल्या या जगात आरंभी बंदिस्त अर्थव्यवस्था होती. जगातील एकूण कच्चा माल मर्यादित ठेवलेला होता. लोखंडाची तलवार झाली की तेवढे लोखंड जगाच्या साठ्यातून वजा होई आणि तलवार नष्ट झाली की ते परत जगात येई. कागदावर ही रचना निसर्गचक्रासारखीच निर्दोष होती. प्रत्यक्षात खेळाडूंनी वस्तू वापरून संपवण्याऐवजी पेट्यांत भरून ठेवल्या. साठा अडकून पडला, नवा माल निर्माण होईना आणि अखेर रचनाकारांना ही बंदिस्त चौकट सैल करावी लागली.

या अनुभवातून पुढच्या रचनाकारांनी एक धडा घेतला. जगात माल येण्याची तोटी जितकी महत्त्वाची, तितकीच तो वाहून जाण्याची मोरीही महत्त्वाची. मोरी तुंबली की चलन फुगते, कारागिराच्या मालाला गिऱ्हाईक उरत नाही आणि नव्या खेळाडूला जुन्यांच्या राशींपुढे काही किंमत राहत नाही. झीज ही अशी मोरी होय. एडवर्ड कॅस्ट्रोनोव्हा यांनी २००१ साली 'एव्हरक्वेस्ट'च्या जगाचा अर्थशास्त्रीय अभ्यास करताना दाखवून दिले की टंचाई ही आभासी जगातील उणीव नसून त्याच्या आकर्षणाचाच भाग आहे. झीज ती टंचाई सतत नव्याने निर्माण करते. येथपर्यंतचा युक्तिवाद निखळ आर्थिक आहे आणि तो ग्राह्यही आहे. अडचण सुरू होते ती या आर्थिक गरजेला वास्तववादाचा पोशाख चढवला जातो तेव्हा.

३. झिजेचे चार प्रकार

सर्व झीज एकाच जातीची नसते. सोयीसाठी तिचे चार प्रकार कल्पिता येतील.

पहिला प्रकार वापरामुळे होणाऱ्या झिजेचा. स्वीडनमधील मोजांग या संस्थेच्या 'माइनक्राफ्ट'मध्ये लाकडी टिकाव ५९ वेळा वापरता येतो, दगडी १३१ वेळा, लोखंडी २५० वेळा आणि हिऱ्याचा १५६१ वेळा. सोन्याचा टिकाव मात्र अवघ्या ३२ घावांत संपतो.

दुसरा प्रकार काळामुळे, म्हणजे वस्तू नुसती पडून राहिल्यामुळे होणाऱ्या झिजेचा. रोल्फ यान्सन आणि मार्कुस पेर्सन या स्वीडिश रचनाकारांनी सुरू केलेल्या 'वर्म ऑनलाइन'मध्ये प्रत्येक वस्तूला एक प्रत आणि एक इजा असे दोन आकडे असतात. जमिनीवर टाकून दिलेली वस्तू हळूहळू इजा सोसत जाते आणि इजा १०० झाली की नाहीशी होते.

तिसरा प्रकार उपेक्षेमुळे होणाऱ्या झिजेचा. येथे काळ सर्वांवर सारखा चालत नाही. मालकाची देखरेख थांबली तरच वस्तू खचू लागते. 'रस्ट'मध्ये घराच्या कपाटात देखभालीचे साहित्य असेतोवर भिंती शाबूत राहतात. ते संपले की काटक्यांची भिंत सुमारे एका तासात, लाकडी तीन, दगडी पाच, पत्र्याची आठ आणि चिलखती भिंत बारा तासांत कोसळते.

चौथा प्रकार विनाशाचा. २००३ पासूनच्या 'ईव्ह ऑनलाइन' या आइसलँडमधील खेळात अंतराळयान गोदीत उभे राहून जुने होत नाही. मात्र लढाईत ते गेले की कायमचे गेले. विम्याची रक्कम मिळते, यान मिळत नाही. ही झीज नव्हे, तो मृत्यू आहे. परंतु बाजारातील मागणी टिकवण्याचे काम तो झिजेइतकेच, किंबहुना अधिक प्रभावीपणे करतो.

या चारही प्रकारांचे आर्थिक कार्य एकच आहे. अनुभवाच्या पातळीवर मात्र ते परस्परांहून फार वेगळे आहेत आणि समीक्षेचे काम तेथून सुरू होते.

४. प्रमाण खोटे, क्रम खरा

दगडी भिंत पाच तासांत ढासळते यात वास्तववाद कोठे आहे, असा आक्षेप सहज घेता येईल. तरीही 'रस्ट'च्या खेळाडूला हा नियम विसंगत वाटत नाही. त्याचे कारण असे की येथे प्रमाण खोटे असले तरी क्रम खरा आहे. काटकीपेक्षा लाकूड, लाकडापेक्षा दगड आणि दगडापेक्षा धातू अधिक टिकतो, ही अनुभवसिद्ध उतरंड अबाधित आहे. 'माइनक्राफ्ट'मधील सोन्याचेही तसेच. मौल्यवान धातू सर्वांत लवकर संपावा हे खेळाच्या सर्वसाधारण तर्काला सोडून आहे, पण सोने मऊ असते या व्यवहारज्ञानाला धरून आहे. उलट हिऱ्याचा टिकाव लोखंडी टिकावालाही मागे टाकावा ही गोष्ट पदार्थविज्ञानाला धरून नाही. हिरा कठीण असला तरी घाव बसला तर तडकतो. परंतु 'हिरा म्हणजे सर्वांत कठीण' हा लोकसमज खेळाडूच्या मनात पक्का असल्यामुळे ही अशक्य गोष्टही त्याला पटते.

ॲरिस्टॉटलने काव्याच्या संदर्भात असंभाव्य शक्यतेपेक्षा संभाव्य अशक्यतेला जे झुकते माप दिले, त्याचा प्रत्यय येथे येतो. खेळाचा वास्तववाद वास्तवाशी जुळण्यावर अवलंबून नसून आंतरिक सुसंगतीवर अवलंबून असतो. येस्पर यूल यांनी २००५ च्या आपल्या ग्रंथात खेळाचे नियम खरे आणि त्याचे कल्पित जग खोटे, असे जे द्वैत मांडले, त्याच्या आधारे असे म्हणता येईल की झीज हा नियम आणि कल्पित यांचा सांधा आहे. तो सांधा सुटला की झीज नुसती वजाबाकी वाटू लागते.

बहुतेक खेळांत हा सांधा सुटलेला दिसतो. खऱ्या कुऱ्हाडीची धार बोथट होते, दांडा हलू लागतो, घाव चुकू लागतात. वापरणाऱ्याला ती जुनी झाल्याचे हाताला कळते. 'माइनक्राफ्ट'मधील टिकाव पहिल्या घावाला जेवढा कार्यक्षम असतो तेवढाच अखेरच्या घावालाही असतो आणि मग एकाएकी नाहीसा होतो. त्याला तारुण्य आणि मरण आहे, म्हातारपण नाही. पडद्यावरील एक लहानशी पट्टी आखूड होत जाते, एवढीच त्याच्या आयुष्याची नोंद. वास्तवात झीज हा गुणात्मक बदल असतो, खेळाने त्याचे संख्यात्मक बदलात रूपांतर केले आहे. ही केवळ तांत्रिक मर्यादा म्हणून सोडून देता येत नाही, कारण वास्तववादाच्या दाव्याचा कस नेमका येथेच लागतो.

५. निरुपयोगी झिजेचे मोल

रोलाँ बार्त यांनी १९६८ साली 'वास्तव-परिणाम' ही संकल्पना मांडली. कथानकाला ज्याचा काहीच उपयोग नाही असा तपशील कादंबरीत येतो, तेव्हा तो 'मी खरा आहे' एवढेच सांगत असतो, असा तिचा आशय. या कसोटीवर खेळांतील झीज पारखली तर एक विलक्षण गोष्ट लक्षात येते. टिकाऊपणाचा आकडा कधीच निरुपयोगी नसतो. तो सतत हिशेबात धरावा लागतो, म्हणून तो खेळाडूला जगाची नव्हे तर नियमांची आठवण करून देतो. सर्वांत 'वास्तववादी' म्हणून आणलेली यंत्रणाच अशा वेळी वास्तवाचा भ्रम मोडते.

याच्या उलट उदाहरण 'माइनक्राफ्ट'मध्येच सापडते. २०२१ साली या खेळात तांबे आले. तांब्याचे ठोकळे काळाच्या ओघात आपोआप रंग बदलतात. तांबूस छपराला आधी काळसर झाक येते आणि शेवटी ते हिरवट होते. या बदलाने साध्या ठोकळ्याची मजबुती कमी होत नाही. पोळ्याचे मेण लावून बदल थोपवता येतो, कुऱ्हाडीने खरवडून तांब्याला मूळ रंगावर आणता येते. पावसापाण्याचा या बदलावर परिणाम होत नाही, म्हणजे रसायनशास्त्राच्या दृष्टीने हे चित्र सदोषच आहे. तरीही खेळाडूंनी मुद्दाम जुनाट दिसणाऱ्या इमारती रचल्या, कारण येथे झीज काही हिरावून घेत नाही, ती केवळ काळ गेल्याचे सांगते. तांब्या-पितळेच्या भांड्यांना कल्हई लावणाऱ्या आणि त्यांचे कळकणे ठाऊक असणाऱ्या वाचकाला या तपशिलाची गोडी वेगळी सांगावयास नको.

यावरून असे दिसते की झिजेला आर्थिक कामातून जेवढी मोकळीक मिळेल, तेवढी तिची कलात्मक शक्ती वाढते. मात्र हे विधान सरसकट स्वीकारता येणार नाही. केवळ शोभेची झीज जगाला जुनेपणा देईल, माणसांना एकमेकांशी बांधणार नाही. त्यासाठी दुरुस्तीचा विचार करणे आवश्यक आहे.

६. दुरुस्ती आणि कारागीर

जून २००३ मध्ये सुरू झालेल्या 'स्टार वॉर्स गॅलक्सीज'ची सर्जनशील धुरा राफ कॉस्टर यांच्याकडे होती. या खेळात कच्च्या मालाचे साठे काही काळापुरतेच उगवत आणि प्रत्येक साठ्याचे गुणधर्म वेगळे असत. एखाद्या उत्तम धातूचा साठा संपला की तोच धातू पुन्हा मिळत नसे. घडवलेल्या वस्तूवर कारागिराचे नाव राही आणि ती वस्तू वापराने झिजत असे. परिणामी लढणाऱ्याला कारागिराकडे वारंवार जावे लागे. कोणाचा माल टिकतो, कोण दर्जा राखतो, याची चर्चा होई. न लढता केवळ शस्त्रे घडवणारा किंवा दुकान चालवणारा खेळाडूही प्रतिष्ठित होऊ शकला, कारण इतरांच्या वस्तू नश्वर होत्या.

२००५ साली एप्रिल आणि नोव्हेंबर अशा दोन टप्प्यांत या खेळात मूलगामी बदल झाले. लढाईला प्राधान्य आले आणि परस्परावलंबी व्यवसायांची वीण उसवली. अनेक जुन्या खेळाडूंनी खेळ सोडला. १५ डिसेंबर २०११ रोजी तो बंद झाला. त्याच्या अस्ताला एकच कारण देणे अन्यायाचे ठरेल. पण वस्तूची झीज आणि कारागिराची प्रतिष्ठा यांचे नाते किती घट्ट असते, हे या उदाहरणातून स्पष्ट होते.

याची तुलना २००४ सालच्या 'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट'शी करता येईल. हा सँडबॉक्स खेळ नव्हे, पण त्यातील व्यवस्था बोधप्रद आहे. खेळाडू मेला की त्याच्या वस्तूंचा टिकाऊपणा १० टक्क्यांनी घटतो. संगणकाने चालवलेल्या दुकानदाराला पैसे दिले की वस्तू पुन्हा कोरी करकरीत होते. येथे दुरुस्ती हा माणसामाणसांतील व्यवहार राहत नाही, तो निव्वळ कर होतो. 'वर्म ऑनलाइन'मध्ये मात्र दुरुस्त केलेल्या वस्तूची प्रत थोडी उतरते. ती पुन्हा चढवायची तर त्याच जातीचा माल, योग्य हत्यार आणि हातातले कौशल्य लागते. प्रत्येक जुन्या वस्तूमागे अशा लहान लहान कष्टांची मालिका असते. वास्तव येथे दृश्यात नसून श्रमात आहे.

७. अवशेष आणि स्मृती

गेओर्ग झिमेल यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी लिहिलेल्या भग्नावशेषांवरील निबंधात वास्तू हा माणसाची ऊर्ध्वगामी इच्छा आणि निसर्गाची अधोगामी ओढ यांतील तोल मानला आहे. तोल निसर्गाकडे झुकला तरी वास्तूचा आकार ओळखू यावा, या अवस्थेला अवशेष म्हणतात. बहुतेक खेळांना ही मधली अवस्था ठाऊक नाही. भिंत असते किंवा नसते. 'अल्टिमा ऑनलाइन'मध्ये घराची दुरवस्था पाटीवर शब्दांतून कळे, नव्यासारखे असल्यापासून कोसळण्याच्या बेतात असल्यापर्यंत. अखेरच्या अवस्थेतील घराभोवती खेळाडूंची गर्दी जमे, कारण ते पडताच आतला ऐवज लुटता येई. पडलेल्या घराच्या जागी काहीच उरत नसे. म्हणजे पतन होते, त्याभोवती समाज होता, पण अवशेष नव्हता.

'वर्म ऑनलाइन'मध्ये निराळे घडते. गाव ओसाड पडले की कुंपणे आणि घरे कालांतराने जातात, परंतु सपाट केलेली जमीन आणि खणलेले कालवे राहतात. डोंगरउतारावर अचानक लागणारा चौकोनी सपाट तुकडा पाहून येथे कधीकाळी वस्ती होती हे नवख्याला कळते. हा या माध्यमातील खरा अवशेष होय.

'ईव्ह ऑनलाइन'मधील घटना याहून बोलकी आहे. जानेवारी २०१४ मध्ये 'बी-आर-५-आर-बी' नावाच्या तारकाप्रदेशात सुमारे २१ तास युद्ध चालले. त्याची ठिणगी एका देखभालीच्या हप्त्यातून पडली. त्या प्रदेशावरील हक्क टिकवण्याची रक्कम वेळेवर भरली गेली नाही आणि हक्क सुटला. त्या युद्धात ७५ 'टायटन' याने नष्ट झाली. एकूण नुकसान तीन लाख डॉलरांच्या घरात असल्याचे त्या वेळी सांगितले गेले. एरवी त्या जगातील भग्न यान दोन तासांत नाहीसे होते. या रणभूमीवर मात्र निर्मात्या संस्थेने अजस्र भग्न यानांचे कायमस्वरूपी स्मारक उभारले. सर्वकाही नश्वर ठेवणाऱ्या जगालाही स्मृतीसाठी झिजेला अपवाद करावा लागला, ही गोष्ट अर्थपूर्ण आहे.

८. झीज कोणाच्या हिताची?

येथे एका अप्रिय प्रश्नाला सामोरे जाणे भाग आहे. उपेक्षेमुळे होणारी झीज ही खेळाडूच्या अनुपस्थितीला दिलेली शिक्षा असते. आजारपण, परीक्षा, नोकरी किंवा घरातील अडचण यांमुळे कोणी काही काळ दूर राहिला तर परतल्यावर त्याला वर्षांचे श्रम मातीमोल झालेले दिसू शकतात. मासिक वर्गणीवर चालणाऱ्या खेळात खाते बंद झाल्यावर घर ढासळू लागते, तेव्हा 'वास्तवात घरे पडतातच' हे उत्तर अपुरे ठरते. ते घर ऊन-पावसाने पडत नाही, वर्गणी थांबल्याने पडते. निसर्गनियमाच्या भाषेत येथे एक व्यापारी अट सांगितली जाते.

याची दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. 'अल्टिमा ऑनलाइन'च्या सुरुवातीच्या वर्षांत घरे बांधण्यास जागा उरली नव्हती. सोडून गेलेल्यांची घरे कायम राहिली असती तर येणाऱ्यांना भूमीच मिळाली नसती. जुन्यांच्या स्मृतीचा हक्क आणि नव्यांच्या निवाऱ्याचा हक्क यांतील हा संघर्ष कोणत्याही गावाच्या इतिहासात आढळतो. म्हणून झीज नसावी असा निष्कर्ष काढता येत नाही. तिचे कारण जगाच्या आत असावे आणि तिची चाहूल आधी लागावी, एवढी अपेक्षा मात्र रास्त आहे. फेब्रुवारी २००३ मध्ये 'अल्टिमा ऑनलाइन'ने वस्तूंच्या विम्याची सोय आणली, तेव्हा मृत्यूनंतर वस्तू गमावण्याची भीती ओसरली आणि त्याबरोबर मृत्यूचे गांभीर्यही ओसरले. पूर्ण सुरक्षितता आणि पूर्ण नश्वरता या दोन्ही टोकांना जगाचा प्रत्यय विरळ होतो.

'रस्ट'मध्ये दरमहा संपूर्ण जग पुसून नव्याने सुरू केले जाते. वरकरणी ही झिजेची पराकाष्ठा वाटते. पण सर्वांचे सर्वस्व एकाच दिवशी जाणार हे आधीच ठाऊक असल्यामुळे त्यात अन्याय उरत नाही, आणि इतिहासही उरत नाही. १९७८ च्या 'मड'कडे परतण्याचाच हा एक मार्ग आहे.

९. निष्कर्ष

वरील विवेचनातून पुढील निष्कर्ष हाती येतात.

१) ऑनलाइन सँडबॉक्स खेळांतील झीज ही मुळात आर्थिक गरज आहे. वास्तववाद हे तिचे कारण नसून पुष्कळदा तिचे नंतरचे समर्थन आहे.

२) झिजेचा सत्याभास तिच्या वेगावर किंवा प्रमाणावर अवलंबून नसून क्रम, कारण आणि सुसंगती यांवर अवलंबून असतो.

३) निव्वळ आकड्याने होणारी झीज नियमांची जाणीव वाढवते आणि जगाची जाणीव कमी करते. वस्तूचे रूप व गुण बदलणारी झीज काळाचा प्रत्यय देते.

४) झिजेचे सामाजिक मोल दुरुस्तीत आहे. दुरुस्ती माणसाच्या हातून होते तेथे कारागीर घडतो. ती यंत्राच्या हातून होते तेथे फक्त कर वसूल होतो.

५) अनुपस्थितीला शिक्षा करणारी झीज ही व्यापारी अट असेल, तर समीक्षेने तिला त्याच नावाने संबोधले पाहिजे.

'स्टार वॉर्स गॅलक्सीज' १५ डिसेंबर २०११ रोजी बंद झाले, तेव्हा त्यातील दुकाने, घरे आणि कारागिरांची नावे कोरलेली शस्त्रे सर्व एकाच वेळी गेली. त्यांपैकी एकही वस्तू जीर्ण होऊन संपली नाही. आभासी जगातील वस्तूंचे खरे भवितव्य त्यांच्या टिकाऊपणाच्या आकड्यात नसून ते जग चालू ठेवणाऱ्यांच्या निर्णयात असते. खेळाडूला टिकावाचे उरलेले घाव पडद्यावर मोजता येतात, त्या निर्णयाची पट्टी मात्र कोणत्याही पडद्यावर दिसत नाही.